मादागास्कर: बेट आफ्रिकेलगतचे, भाषा बोर्निओकडची आणि माणसे दोन्हीकडची

मूळ लेख

मोझांबिकच्या किनाऱ्यापासून मादागास्कर जेमतेम चारशे किलोमीटरवर आहे, तर बोर्निओ तिथून सात हजार किलोमीटरहून दूर आहे. असे असूनही मादागास्करभर बोलली जाणारी मालागासी ही भाषा शेजारच्या आफ्रिकेतल्या बांटू भाषांच्या कुळातली नाही. बोर्निओच्या दक्षिणेला बारितो नदीचे खोरे आहे, तिथल्या मा'आन्यान या छोट्या समाजाची बोली तिला सर्वांत जवळची आहे. ओट्टो दाल या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९५१ साली हे नाते सविस्तर मांडले आणि त्यानंतरच्या संशोधनाने ते अधिकच पक्के केले. आपल्याकडे या बेटाविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक लेमूर, सरडे आणि बाओबाबच्या झाडांभोवती फिरते. माणसे जवळजवळ येतच नाहीत. म्हणून हा धागा मुख्यतः तिथल्या माणसांविषयी आहे, पण त्यांची वस्ती कुठे, कशी आणि का झाली हे समजायचे तर आधी जमिनीचा अंदाज घ्यावा लागतो.

ग्रीनलंड, न्यू गिनी आणि बोर्निओ यांच्या खालोखाल जगातले हे चौथे मोठे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ५,८७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीला थोडे कमी. दक्षिणोत्तर लांबी सोळाशे किलोमीटरच्या घरात जाते. पूर्वेकडे चिंचोळी किनारपट्टी आणि तिच्या पाठीशी एकदम उभा राहणारा कडा आहे. कड्यावर चढून गेले की आठशे ते अठराशे मीटर उंचीचे, टेकड्यांनी भरलेले पठार लागते आणि तिथून पश्चिमेकडे जमीन हळूहळू उतरत मोझांबिकच्या खाडीपर्यंत जाते. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्वेच्या कड्याला धडकतात, त्यामुळे त्या बाजूला वर्षभर पाऊस असतो आणि अंतोंगिल उपसागराच्या परिसरात तो तीन हजार मिलिमीटरच्याही वर जातो. नैऋत्येला तोलियाराजवळ मात्र वर्षाला चारशे मिलिमीटरही पडत नाही. तिथे पानांऐवजी काट्यांनी भरलेले, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या वनस्पतींचे रान आहे आणि त्यात अंतांद्रॉय लोक गुरे राखून राहतात. उत्तरेकडच्या त्सारातानाना डोंगरातले मारोमोकोत्रो हे २,८७६ मीटरचे शिखर बेटावरचे सर्वोच्च शिखर आहे, पण वस्तीच्या इतिहासात त्याला फारसे स्थान नाही.

या इतिहासात खरे महत्त्व आहे ते किनाऱ्याच्या घडणीला. पूर्व किनारा शेकडो किलोमीटर जवळजवळ सरळ रेषेत जातो. त्याच्यामागे वाळूच्या बांधांनी अडवलेल्या खारकच्छांची रांग आहे आणि फ्रेंचांनी ती जोडून पांगालान नावाचा कालवा काढला. अशा किनाऱ्यावर जहाजाला आडोसा मिळत नाही आणि उन्हाळी महिन्यांत चक्रीवादळे नेमकी तिथेच येऊन आदळतात. वायव्येचा किनारा मात्र दंतुर आहे, एकामागून एक खोल उपसागर आहेत आणि मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांना ते सोयीचे होते. त्यामुळेच बेटावरचे सर्वांत जुने मोठे बंदर, माहिलाका, याच बाजूला उभे राहिले. दहाव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान भरभराटीला आलेल्या या गावाला दगडी तटबंदी होती, मशीद होती, आणि तिथल्या उत्खननात चिनी व पश्चिम आशियाई भांड्यांचे तुकडे सापडतात. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली बंदरांच्या साखळीतला हा दक्षिणेकडचा एक दुवा होता.

पहिली माणसे कधी आली, यावर अजून एकमत नाही. प्रचंड हत्तीपक्ष्याच्या सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवर हत्याराच्या खुणा असल्याचा दावा २०१८ मध्ये झाला, पण त्या खुणा खरोखर माणसाच्याच आहेत का यावर तज्ज्ञांत वाद आहे. उत्तर टोकाच्या खडकआडोशांत दगडी हत्यारेही मिळाली आहेत, म्हणजे शिकारी लोकांच्या तुरळक फेऱ्या पूर्वी झालेल्या असू शकतात. शेती करणारी, घरे बांधून राहणारी, आजच्या मालागासी लोकांचे पूर्वज म्हणता येतील अशी वस्ती मात्र इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातली आहे. आफ्रिका हे मानवजातीचे माहेर. तिथून हाकेच्या अंतरावरचे एवढे मोठे, पाणी आणि अन्न मुबलक असलेले बेट सलग वस्तीसाठी इतका काळ मोकळे राहिले, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटते. मोझांबिकच्या खाडीत प्रवाह जोरदार आणि फसवे आहेत, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. खोल समुद्रात सहज जाणारी होडी आणि तशी होडी घेऊन निघण्याचे प्रयोजन या दोन्ही गोष्टी जुळून यायला वेळ लागला असावा.

भाषेव्यतिरिक्त पुरावा काय, असा प्रश्न साहजिकच येतो. २०१६ मध्ये मादागास्कर, कोमोरो बेटे आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या अठरा प्राचीन वस्त्यांतल्या जळक्या धान्यकणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या वस्त्यांत ज्वारी, बाजरी, चवळी अशी आफ्रिकी पिके प्रामुख्याने होती, तर मादागास्कर आणि कोमोरोवर भात, मूग आणि कापूस ही आशियाई पिके वरचढ होती. जनुकीय अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. २०१७ मध्ये २५७ गावांतल्या सुमारे २,७०० लोकांच्या नमुन्यांवर आधारलेल्या पाहणीत बेटावरच्या प्रत्येक समाजात आग्नेय आशियाई आणि बांटू आफ्रिकी असा दुहेरी वारसा दिसला. मध्य पठारावर आशियाई अंश जास्त आहे, किनाऱ्यावर आफ्रिकी अंश जास्त आहे, परंतु केवळ एकाच बाजूचा म्हणता येईल असा समाज कुठेही नाही. २०१२ च्या एका अभ्यासाने तर मूळच्या आशियाई स्थलांतरितांत स्त्रियांची संख्या अवघी तीसच्या आसपास असावी, असे गणित मांडले होते.

मालागासी माणूस आशियाई की आफ्रिकी, हा प्रश्न त्यामुळेच मला निरर्थक वाटतो. हे लोक दोन्हीकडून आलेल्यांच्या बेटावरच्या सहवासातून घडले आहेत आणि त्यांचे रोजचे आयुष्य याची साक्ष देते. भात, होडी, समुद्र, आकाश, पक्षी यांचे शब्द बोर्निओकडचे आहेत, तर गाय, कुत्रा, कोंबडी, मेंढी यांचे शब्द पूर्व आफ्रिकेतल्या बांटू भाषांचे आहेत. म्हणजे शेत एकीकडून आले आणि गोठा दुसरीकडून. वशिंडाची गाय तिथे संपत्तीचे माप आहे, हे आफ्रिकेचे देणे, तर बाजूला तोल सांभाळणारे लाकूड बांधलेली वेझो कोळ्यांची होडी थेट इंडोनेशियाची आठवण करून देते. वालिहा हे बांबूच्या नळीभोवती तारा ताणून वाजवायचे वाद्यही तिकडचेच आहे.

पठारावरचे जुने घर पाहिले तर ही जडणघडण आणखी स्पष्ट होते. घर दक्षिणोत्तर लांब असते आणि दार पश्चिमेला. ईशान्येचा कोपरा पूर्वजांचा असतो, तिथेच प्रार्थना होते आणि मानाच्या माणसाला त्याच बाजूला बसवतात. कोंबड्या, वासरे आणि चुलीची कामे दक्षिणेच्या अंगाला असतात. राजधानी अंतानानारिव्होजवळच्या अंबोहिमांगा टेकडीवर राजा आंद्रियानांपुइनिमेरिना याचे काळ्या पडलेल्या लाकडाचे एकखणी घर आजही उभे आहे. आत मधोमध आढ्यापर्यंत गेलेला एक अखंड खांब आहे आणि राजाचा उंच पलंग ईशान्य कोपऱ्यातच आहे. सत्ता बेटभर पसरवू पाहणाऱ्या राजाचे घर आकाराने गावच्या घरासारखेच होते आणि त्याच्या चुलीचे तीन दगड त्याच खोलीत होते.

या राजाचा काळ साधारण १७८७ ते १८१० असा आहे. अंतानानारिव्हो सुमारे १,२८० मीटर उंचीवर वसले आहे. तिथल्या टेकड्यांच्या पायथ्याशी बेत्सिमितातात्रा ही विस्तीर्ण दलदल होती. तिच्यात बांध आणि पाट काढून भातखाचरे करण्याचे काम त्याच्या आधीपासून चालले होते, त्याने ते प्रजेच्या सक्तीच्या श्रमातून फार वाढवले. पिकलेल्या भातामुळे पठारावरची लोकसंख्या वाढली आणि तिथल्या मेरिना लोकांच्या राज्याला सैन्य मिळाले. ‘माझ्या भातशेताची सीमा समुद्र आहे’ हे त्याचे वचन मालागासी मुले शाळेत शिकतात. त्याचा मुलगा पहिला रादामा याने १८१७ मध्ये ब्रिटिशांशी करार करून गुलामांची निर्यात बंद केली, बदल्यात शस्त्रे आणि प्रशिक्षण घेतले आणि बेटाचा मोठा भाग जिंकला. मिशनरी १८२० मध्ये राजधानीत पोहोचले, त्यांनी शाळा काढल्या आणि मालागासी भाषेला रोमन लिपी मिळाली. त्याआधी आग्नेय किनाऱ्यावरचे अंतेमोरो लोक अरबी लिपीत मालागासी लिहीत होते, हेही इथे नोंदवायला हवे.

पुढचा भाग अनेकांना ठाऊक असेल. पहिली रानाव्हालोना राणी १८२८ ते १८६१ अशी तेहेतीस वर्षे राज्यावर होती आणि तिने युरोपीय वर्चस्वाला ठामपणे विरोध केला. १८९० मध्ये ब्रिटनने झांझिबारच्या बदल्यात मादागास्करवरचा फ्रान्सचा हक्क मान्य केला, १८९५ मध्ये फ्रेंच सैन्य राजधानीत शिरले, १८९६ मध्ये बेट फ्रेंच वसाहत झाले आणि शेवटची राणी, तिसरी रानाव्हालोना, हद्दपारीत अल्जिअर्सला १९१७ मध्ये वारली. २९ मार्च १९४७ रोजी उठाव झाला, तो अतिशय निर्दयपणे चिरडला गेला आणि २६ जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. यावर स्वतंत्र धागा निघू शकेल. इथे वस्तीविषयीच बोलू या.

प्रतिसाद: भूस्तर

लेख आवडला. भूगर्भाचा एक मुद्दा जोडतो, कारण तो आपल्या दारापर्यंत येतो. मादागास्कर आधी भारतासह आफ्रिकेपासून दूर सरकले आणि मग सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी भारत त्याच्यापासून तुटून ईशान्येकडे निघाला. मादागास्करचा पूर्व किनारा इतका सरळ आहे, कारण तो फाटलेल्या भूखंडाची कड आहे आणि त्याची जोडीदार कड आपल्या कर्नाटक-केरळच्या बाजूला आहे. उडुपीजवळ मालपे बंदरातून होडीने सेंट मेरीज बेटांवर जाता येते. तिथे षटकोनी-पंचकोनी दगडी खांबांचे जंगल उभे आहे. हे खडक त्याच तुटण्याच्या वेळच्या ज्वालामुखीतून आलेले आहेत आणि त्यांचे वय मादागास्करमधल्या तशाच खडकांशी जुळते. आपला दख्खनचा काळा कातळ मात्र नंतरचा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स भारतापासून वेगळे होण्याच्या सुमारास ओतला गेला. अनेक लेखांत या दोन घटना एकच समजल्या जातात, म्हणून मुद्दाम लिहिले.

एक प्रश्न आहे. भारत आणि मादागास्कर यांना जोडणारा ‘लेमूरिया’ नावाचा बुडालेला खंड होता आणि माणसे त्यावरून गेली, असे अजूनही सांगितले जाते. त्याबद्दल काय म्हणाल?

प्रतिसाद: धागाकर्ता

सेंट मेरीज बेटांचा उल्लेख केल्याबद्दल मनापासून आभार. लेमूरियाची कल्पना १८६४ मध्ये फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने मांडली. लेमूर मादागास्करमध्ये आहेत आणि त्यांच्यासारखे प्राणी भारतातही आहेत, मधे मात्र समुद्र आहे, याचा मेळ घालायला त्याने बुडालेला भूखंड कल्पिला. त्या काळी खंड सरकतात हे माहीत नव्हते, त्यामुळे तो तर्क अगदीच निराधार म्हणता येत नाही. भूखंडांच्या हालचाली समजल्यावर त्याची गरज संपली. तमिळ प्रदेशात त्याला कुमरी कंडम या बुडालेल्या भूमीचे रूप मिळाले आणि तिथे त्याचे भावनिक मोल मोठे आहे, पण मानवी वस्तीशी त्याचा संबंध जोडता येत नाही. भारत तुटला तेव्हा माणूसच काय, लेमूरही नव्हते. लेमूरांचे पूर्वज फार नंतर, वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवर आफ्रिकेतून आले असावेत, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. आज त्यांच्या शंभराहून अधिक जाती बेटावर आहेत आणि नैसर्गिक अधिवासात त्या इतरत्र कुठेही नाहीत.

प्रतिसाद: गलबत

माझा प्रश्न मार्गाविषयी आहे. बोर्निओचे लोक हिंदी महासागर सरळ ओलांडून आले, की सिंहल, मलबार, अरबस्तान, आफ्रिका असा किनारा धरून आले? किनारा धरून आले असतील तर आपल्याकडे त्यांच्या खुणा का नाहीत? आणि मा'आन्यान लोक तर नदीकाठचे, जंगलातले. ते एवढे दर्यावर्दी कसे झाले?

दुसरी एक गोष्ट सांगतो. मादागास्करचे नाव मराठ्यांच्या आरमाराच्या इतिहासातही येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस बेटाच्या ईशान्येकडच्या सेंत मारी या छोट्या बेटावर युरोपीय चाच्यांचा तळ होता आणि सुरतेच्या मोगल जहाजांवर डल्ला मारणाऱ्या टोळ्या मादागास्करच्या पाण्यातून ये-जा करीत. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने ‘गंज-ए-सवाई’ लुटले, हे सर्वांना ठाऊक आहे. या चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज याचे आरमार निघाले आणि १७२१ च्या अखेरीस ते आधी आले ते आपल्या अलिबागेला. इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज यांनी मिळून कुलाबा किल्ल्यावर हल्ला चढवला, कान्होजी आंग्र्यांनी तो फसवला आणि मग मॅथ्यूज मादागास्करकडे वळला.

प्रतिसाद: धागाकर्ता

कुलाब्याची लढाई याच मोहिमेतली आहे, हा धागा जोडून दिलात हे फार चांगले झाले. चाच्यांचा मालागासी समाजावरही परिणाम झाला आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या विखुरलेल्या गावांना अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात एकत्र आणून बेत्सिमिसाराका हे राज्य उभे करणारा रात्सिमिलाहो हा एका इंग्रज चाच्याचा आणि मालागासी स्त्रीचा मुलगा होता. आज बेत्सिमिसाराका हा देशातला मेरिनांच्या खालोखालचा मोठा समाज आहे.

आता मार्ग. मा'आन्यान लोक स्वतः होऊन, स्वतःच्या जहाजांतून निघाले असतील, असे फारसे कोणी मानत नाही. सातव्या शतकापासून सुमात्रावर श्रीविजय हे समुद्री राज्य प्रबळ होते आणि मलाय जहाजे हिंदी महासागरात फिरत होती. त्या जहाजांवर खलाशी, कष्टकरी किंवा दास म्हणून बारितो खोऱ्यातली माणसे असावीत, हे मत मला सर्वांत पटण्यासारखे वाटते. मालागासी भाषेत दर्यावर्दीपणाचे आणि वाऱ्यांचे बरेच शब्द मा'आन्यानचे नसून मलायचे आहेत, ही वस्तुस्थिती त्याच्याशी जुळते. संस्कृत शब्दही याच वाटेने आले. पश्चिम आणि दक्षिण भागांतल्या जुन्या महिन्यांच्या नावांत ‘फिसाका’, ‘माका’, ‘वात्रावात्रा’ अशी नावे आढळतात आणि त्यांच्यामागे वैशाख, माघ, भाद्रपद आहेत. पण त्यांचे रूप पाहता ती भारतातून थेट न येता मलाय-जावाच्या मुखातून आली, हे स्पष्ट होते. म्हणून भारतीयांनी मादागास्कर वसवले, असा जो निष्कर्ष काही ठिकाणी उत्साहाने काढला जातो, तो टिकत नाही. त्याउलट वारांची नावे अरबी आहेत. मंगळवार तालाता आणि बुधवार आलारोबिया ही नावे ऐकली की स्वाहिली बंदरांचा संपर्क लगेच ओळखू येतो.

सरळ समुद्र की किनारा, यावर ठाम उत्तर नाही. दक्षिण गोलार्धात वारे आणि प्रवाह पश्चिमेकडे नेतात, १८८३ च्या क्राकाटोआ स्फोटातले तरंगणारे दगड आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले होते, त्यामुळे सरळ प्रवास अशक्य नाही. कोमोरो बेटांवरही तीच आशियाई पिके सापडतात, ही गोष्ट मात्र व्यापारी मार्गाने झालेल्या पुन्हापुन्हाच्या फेऱ्यांकडे बोट दाखवते. एखादी वाट चुकलेली होडी बेटाला लागली आणि देश वसला, ही कथा ऐकायला छान आहे, पण बियाणे, अवजारे आणि स्त्रिया घेऊन आलेली माणसे वस्तीच्याच तयारीने आली होती.

प्रतिसाद: रानवाटा

माणूस आल्यावर निसर्गाचे काय झाले, हेही यायला हवे. तीन मीटर उंचीचा हत्तीपक्षी, गोरिलाएवढे लेमूर, ठेंगणे पाणघोडे, हे सगळे माणसाच्या वस्तीनंतरच्या काही शतकांत नाहीसे झाले. हत्तीपक्ष्याच्या एका अंड्यात आठ-नऊ लिटर पाणी मावत असे. आपल्याकडे ज्याला गोरखचिंच म्हणतात त्या झाडाच्या जगातल्या आठ जातींपैकी सहा फक्त मादागास्करमध्ये आहेत आणि मोरोंदाव्हाच्या आसपास त्या उघड्या माळावर एकेकट्या उभ्या दिसतात, कारण भोवतालचे रान गेले. पूर्वेकडे जंगल तोडून, जाळून भात पेरण्याची ‘ताव्ही’ ही पद्धत अजून चालते. आपल्या सह्याद्रीतल्या कुमरी शेतीचेच ते रूप आहे. पठारावर पावसाने टेकड्या चिरून तांबड्या घळी पडतात आणि बेत्सिबोका नदी समुद्राला मिळते तिथे पाणी विटेच्या रंगाचे दिसते.

प्रतिसाद: धागाकर्ता

वर्णन नेमके आहे, तरी एक गोष्ट मांडावीशी वाटते. संपूर्ण बेट एके काळी घनदाट जंगलाने झाकलेले होते आणि मालागासी शेतकऱ्याने ते जाळून टाकले, हे चित्र मुख्यतः फ्रेंच वसाहतीच्या काळातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी रंगवले. अलीकडे पठारावरच्या गवतांचा अभ्यास झाल्यावर त्यांतल्या अनेक जाती फक्त याच बेटावरच्या असल्याचे दिसले, म्हणजे काही गवताळ प्रदेश तरी माणसाच्या फार आधीपासूनचे असले पाहिजेत. तांबड्या घळींनाही, ज्यांना तिथे लावाका म्हणतात, जमिनीची मुळातली ठेवण बरीच कारणीभूत आहे. जंगल खूप गेले, यात वाद नाही. पण वसाहतीच्या काळात कंपन्यांना दिलेल्या जंगलांच्या सवलती आणि निर्यातीसाठी लावलेली कॉफीसारखी पिके यांनी किती रान खाल्ले, हे हिशेबात न धरता सगळा दोष डोंगरावर दोन पोती भात पिकवणाऱ्या कुटुंबावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. कुमरी शेतीबद्दल इंग्रज वनअधिकाऱ्यांनी आपल्याकडेही हेच केले.

प्रतिसाद: उंबरठा

मी काही वर्षे नोकरीनिमित्त अंतानानारिव्होत राहिले आहे, म्हणून थोडे लिहिते. ‘सहवासातून घडलेले एक लोक’ हे खरे आहे, एक भाषा बेटभर समजते हेही खरे आहे, पण तेवढ्यावर थांबलो तर चित्र फार गुळगुळीत होईल. मेरिना समाजात आंद्रियाना म्हणजे सरदार, हुवा म्हणजे सामान्य स्वतंत्र जन आणि गुलाम अशी उतरंड होती. रादामाने गुलामांची निर्यात थांबवली, तरी बेटावरची गुलामी चालूच राहिली, उलट युद्धांतून ती वाढली आणि मोझांबिकहून माकुआ लोकांना पकडून आणणेही थांबले नाही. १८९६ मध्ये फ्रेंचांनी गुलामी रद्द केली तेव्हा मुक्त झालेल्यांची संख्या सुमारे पाच लाख मानली जाते. त्यांच्या वंशजांना आजही लग्न जमवताना ‘तुमची कबर कुठे आहे’ हा प्रश्न टाळता येत नाही. कारण तिथे माणसाची ओळख कुळाच्या दगडी कबरीवरून ठरते आणि गुलामाला पूर्वजांची कबर नसे.

हिवाळ्यात, जून ते सप्टेंबरच्या दरम्यान, पठारावर फामादिहाना होते. कबर उघडून पूर्वजांचे अवशेष बाहेर आणतात, नव्या रेशमी वस्त्रात गुंडाळतात, बँड वाजत असतो, नातेवाईक त्यांना खांद्यावर घेऊन नाचतात आणि मग पुन्हा आत ठेवतात. मला ज्या घरातून बोलावणे आले होते, तिथल्या आजींनी वस्त्राची गाठ स्वतः बांधली आणि सासऱ्यांना घरातली नवी बातमी मोठ्याने सांगितली, कोणाला मुलगा झाला, कोणी घर बांधले. भीती किंवा शोक कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. जेवणात भाताचा ढीग आणि त्यावर चरबीदार मांस होते. नंतर भात शिजवलेल्या पातेल्यातल्या करपलेल्या खरपुडीवर पाणी ओतून उकळलेले तपकिरी पाणी सर्वांना दिले. त्याला रानुव्हुला म्हणतात आणि ते प्रत्येक जेवणासोबत असते.

भारतीय वंशाच्या लोकांचाही उल्लेख व्हावा. त्यांना तिथे कराना म्हणतात. बहुतेक गुजरातचे खोजे आणि बोहरी आहेत, काही हिंदूही आहेत, आणि त्यांची जुनी वस्ती वायव्येच्या माहाजांगा बंदरात आहे.

प्रतिसाद: धागाकर्ता

तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. कबर आणि गुलामी यांचा संबंध पुस्तकात वाचणे वेगळे आणि लग्नाच्या बोलणीत तो प्रश्न ऐकणे वेगळे. पठार विरुद्ध किनारा ही दरीही इथूनच निघते. मेरिना राज्याने किनाऱ्यावरच्या समाजांना जिंकले, त्यांच्यातल्या अनेकांना गुलाम केले आणि फ्रेंचांनी पुढे याच जखमेचा उपयोग करून घेतला. १९४६ मध्ये स्वातंत्र्यासाठी एमडीआरएम हा पक्ष स्थापन झाला, तेव्हा त्याच्याविरुद्ध किनाऱ्यावरच्या आणि पूर्वाश्रमीच्या गुलाम समाजांच्या पाडेस्म या पक्षाला वसाहतीच्या प्रशासनाने हाताशी धरले. तरीही १९४७ चा उठाव सर्वांत तीव्र पेटला तो पूर्व किनाऱ्याच्या जंगलपट्ट्यात, म्हणजे पठाराबाहेर, ही गोष्ट सोप्या विभागणीत बसत नाही.

करानांविषयी थोडी भर घालतो. वायव्येची बंदरे मोसमी वाऱ्यांच्या टप्प्यात असल्याने कच्छ-काठेवाडचे व्यापारी झांझिबारमार्गे तिथे पोहोचले आणि एकोणिसाव्या शतकात कापड, कातडी व उधारीचा बराच व्यवहार त्यांच्याकडे आला. शेजारच्या मॉरिशसला १८३४ नंतर गिरमिटिये मजूर गेले, त्यांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती. मादागास्करला तशी लाट गेली नाही, कारण मॉरिशस ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि मादागास्कर १८९५ पर्यंत स्वतंत्र राज्य होते. स्वातंत्र्यानंतरच्या नागरिकत्वाच्या कायद्याने मालागासी आई-बापांच्या पोटी जन्म हा निकष धरला, त्यामुळे चार-पाच पिढ्या तिथेच जन्मलेल्या अनेक कराना कुटुंबांना कोणत्याच देशाचे नागरिकत्व मिळाले नाही. पासपोर्ट नाही, मतदान नाही, जमिनीची मालकी नाही. ज्या देशातला प्रत्येक समाज समुद्रापलीकडून आलेला आहे, तिथे शेवटी आलेल्यांना दारातच उभे ठेवले गेले आहे आणि त्यांच्यातले जे श्रीमंत व्यापारी डोळ्यांवर येतात, त्यांच्यापेक्षा कागदांअभावी अडकलेली साधी कुटुंबे संख्येने जास्त आहेत.

प्रतिसाद: गलबत

माहाजांगातल्या या कुटुंबांच्या घरी अजून गुजराती बोलली जाते का? आणि माहिलाकाचे अवशेष पाहायला जाता येते का?

प्रतिसाद: उंबरठा

घरात, विशेषतः वडीलधाऱ्यांशी, गुजराती चालते. दुकानात मालागासी आणि शाळेत फ्रेंच. माझ्या ओळखीच्या एका घरात आजी गुजरातीत विचारायची, नातू मालागासीत उत्तर द्यायचा आणि दोघांनाही त्यात काही वेगळे वाटत नसे. माहिलाका आंपासिंदाव्हा उपसागराच्या काठी आहे. मी तिथवर गेले नाही.